तारण गमावता येते का? चुकीच्या जागी आखलेली सीमारेषा

ख्रिस्ती धर्मातल्या दोन मोठ्या पंथांविषयी एक समीकरण सर्रास सांगितले जाते. कॅथलिकांच्या मते माणूस सत्कर्मांनी तरतो, म्हणून पापाने त्याचे तारण जाऊही शकते. प्रोटेस्टंटांच्या मते तो केवळ विश्वासाने तरतो, म्हणून एकदा मिळालेले तारण कधीच जात नाही. दोन्ही पंथांतले भाविकसुद्धा हे बिनदिक्कत सांगतात. यातला पहिला भाग कॅथलिक शिकवणीवर अन्याय करतो, दुसरा भाग प्रोटेस्टंट जगाच्या फार मोठ्या हिश्श्याला लागूच पडत नाही, आणि दोन्हींत आलेला तो 'म्हणून' तर मुळीच टिकत नाही.

माझे म्हणणे असे आहे. मनुष्य देवापुढे नीतिमान कशाच्या आधारावर ठरतो, हा एक प्रश्न. त्या अवस्थेतून तो कायमचा ढळू शकतो का, हा दुसरा. आपण त्या अवस्थेत आहोत हे त्याला आज कळू शकते का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नावर रोम आणि ल्यूथरचे विटेनबर्ग खरोखर वेगळे झाले. दुसऱ्या प्रश्नावरची फूट त्यांच्या मधून जातच नाही. ती प्रोटेस्टंटांच्या आतून जाते, आणि तिथे ल्यूथर कॅल्व्हिनच्या बाजूला नाही, कॅथलिकांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेच्या बाजूला उभा आहे. तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच छळतो. हे तीन प्रश्न एकात कालवल्यामुळे साडेचारशेहून अधिक वर्षांच्या अतिशय गंभीर विचाराचे घोषवाक्य होऊन बसले आहे.

१. ट्रेंटने कर्माने तारण शिकवले नाही

ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी सहाव्या सत्रात नीतिमान ठरण्याविषयीचा ठराव संमत केला: सोळा प्रकरणे आणि तेहेतीस निषेध-कलमे. समीकरण मांडणाऱ्याने निदान पहिले कलम वाचावे. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल, त्याला या सभेने सर्वांत आधी धर्मबाह्य ठरवले आहे. ल्यूथरवर शस्त्र उपसण्याआधी ते पेलेगियसच्या अशाच मतावर उपसले गेले. आठव्या प्रकरणात तर नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो की कर्म, त्या कृपेला माणसाला पात्र बनवत नाही, असे स्पष्ट आहे. तेराव्या प्रकरणात अखेरपर्यंत टिकून राहणे हेसुद्धा देवाचे दान म्हटले आहे. संत थॉमस अक्विनासने त्यापूर्वी तीन शतके सांगितले होते की हे दान पुण्याईने कमावता येत नाही, ते फक्त मागता येते.

मग पुण्याईची जागा कुठे? नीतिमान ठरल्यानंतर. कृपेने नव्या झालेल्या माणसाची कर्मे ही ख्रिस्ताच्या जीवनाची त्याच्यातली वाढ असते आणि देव त्या वाढीला फळ देतो. संत ऑगस्टीनच्या विचारानुसार देव इथे स्वतःच्याच दानांचा गौरव करतो. या शिकवणीशी मतभेद जरूर असावा. तिला 'कर्माने तारण' म्हणणे हा मात्र मतभेद नाही, ते न वाचण्याचे लक्षण आहे.

भारतीय वाचकाला इथे श्रीवैष्णवांचे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय आठवतील. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. कॅथलिक म्हणजे माकडाचे पिल्लू, प्रोटेस्टंट म्हणजे मांजरीचे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ट्रेंटच्या मते पिल्लाच्या पंजांत धरण्याचे बळसुद्धा आईनेच घातलेले असते. आणि मांजरीचे पिल्लू तोंडातून सुटूच शकत नाही असे ल्यूथरने कधी म्हटलेले नाही.

२. खरी फूट: देवापुढे उभे राहताना टेकायचे कशावर?

तरीही फूट खोटी नव्हती. समेटाच्या उत्साहात हे विसरणे हाही उथळपणाच.

ल्यूथरच्या मते देव पापी माणसाला नीतिमान ठरवतो, तेव्हा माणसाच्या आत झालेला बदल हा त्या निकालाचा आधार नसतो. आधार असतो ख्रिस्ताचे नीतिमत्त्व: माणसाच्या बाहेरचे, परके, विश्वासाने त्याच्या पदरी पडलेले. बदल होतो, कर्मे येतात, यायलाच हवीत. पण ती निकालाचे फळ म्हणून येतात, निकालाचे कारण म्हणून नाही. म्हणूनच नीतिमान ठरलेला माणूस आयुष्यभर एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. ट्रेंटने सातव्या प्रकरणात याच्या विरुद्ध बाजू घेतली. नीतिमान ठरणे म्हणजे पापांची क्षमा आणि अंतरंगाचे नवीकरण, दोन्ही. आणि त्याचे रूप-कारण (ज्याच्या असण्याने माणूस नीतिमान असतो ते) एकच, ते म्हणजे ज्याने देव आपल्याला खरोखर नीतिमान करतो ते नीतिमत्त्व. देव ज्याला नीतिमान म्हणतो, तो त्या म्हणण्यानेच तसा होतो. नुसती नोंद बदलत नाही.

हे अंतर किती होते हे पाहायचे तर १५४१ सालच्या रेगेन्सबर्गकडे पाहावे. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पुढाकाराने तिथे दोन्ही बाजूंचे विद्वान बसले. प्रोटेस्टंटांकडून मेलांक्थॉन आणि ब्युत्सर होते. पोपचा प्रतिनिधी म्हणून कार्डिनल कोन्तारिनी हजर होता. नीतिमान ठरण्याच्या कलमावर त्यांचे एकमत झाले! माणसात रुजवलेले नीतिमत्त्व खरे, पण त्याचा विश्वास टेकतो तो ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर, असा त्या मजकुराचा रोख होता. वाटाघाटी पुढे फिसकटल्या त्या ख्रिस्तप्रसादाच्या प्रश्नावर. आणि एकमताचे कलमही कोणी स्वीकारले नाही: ल्यूथरला ते ठिगळे जोडलेले वाटले, रोमने त्याला मान्यता दिली नाही.

पाच वर्षांनी, १५४६ मध्ये, तोच विचार ट्रेंटच्या सभागृहातच पुन्हा उठला. तो मांडणारा कोणी प्रोटेस्टंट नव्हता. ऑगस्टीनच्या संघाचा प्रमुख जिरोलामो सेरिपांदो याने सभेतल्या धर्माचार्यांपुढे प्रश्न टाकला. कृपेने आपल्यात रुजलेले नीतिमत्त्व खरे आहे, हे तोही मानत होता. पण मृत्यूनंतर देवाच्या न्यायासनापुढे उभे राहताना, आपल्यातले ते अपुरे, डागाळलेले नीतिमत्त्व पुढे करून आपण निकाल मागणार आहोत, की ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाने आपली उणीव भरून निघावी अशी याचना करणार आहोत? जेझुइट संघाच्या दिएगो लाइनेझने याला जोरदार विरोध केला. रुजवलेले नीतिमत्त्व अपुरे म्हणणे म्हणजे देवाची कृपाच अपुरी म्हणणे, अशी त्याची भूमिका. सभेने लाइनेझचा कल स्वीकारला आणि एकाच रूप-कारणाचे सूत्र कायम केले.

माझ्या मते सगळ्या वादातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न सेरिपांदोचा होता. तो कर्मे किती हवीत हे विचारत नाही. सगळे काही कृपेचेच, हे गृहीत धरून तो विचारतो की त्या कृपेचा कोणता भाग माझ्या हातात धरून मी उभा राहू.

३. ढळण्याचा प्रश्न: दावीद राजाची साक्ष

आता दुसरा प्रश्न. दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार केला आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, युद्धात पुढे करून मारवले. त्या दिवसांत दावीद तारणाच्या अवस्थेत होता का?

ल्यूथरने १५३७ साली श्माल्काल्डच्या कलमांत उत्तर दिले: नाही. पवित्र माणसेसुद्धा दावीदासारख्या उघड पापात पडतात तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा त्यांना सोडून गेलेला असतो. त्याआधी १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या बाराव्या कलमाने, एकदा नीतिमान ठरलेले लोक पवित्र आत्मा गमावू शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांचा नाव घेऊन निषेध केला होता. ट्रेंटचे तेविसावे कलमही हेच सांगते: एकदा नीतिमान ठरलेला माणूस यापुढे पाप करू शकत नाही किंवा कृपा गमावू शकत नाही, हे मत त्याज्य. दोन कट्टर प्रतिस्पर्धी या मुद्द्यावर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. फरक आहे, पण तो बारीक: ट्रेंटच्या पंधराव्या प्रकरणानुसार प्राणघातक पापाने कृपा जाते तरी विश्वास उरू शकतो, ल्यूथरच्या मते असल्या पापाबरोबर खरा विश्वास नांदूच शकत नाही.

याच दावीदाचे नाव घेऊन कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या डोर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये उलट उत्तर दिले. दावीद आणि पेत्र यांच्यासारखे भक्त भयंकर घसरले, त्यांची विवेकबुद्धी जखमी झाली, काही काळ कृपेची जाणीवही हरपली. परंतु देवाने आपला आत्मा त्यांच्यातून पुरता काढून घेतला नाही, आणि तो त्यांना पश्चात्तापाकडे परत आणल्यावाचून राहत नाही. ही सभा भरली ती आर्मिनियसच्या अनुयायांमुळे. त्यांनी १६१० च्या आपल्या पाचव्या कलमात, कृपेतून ढळता येते की नाही हे शास्त्रातून आणखी तपासायला हवे, एवढेच म्हटले होते. पुढे वेस्लीने ढळता येते हे स्पष्ट शब्दांत शिकवले आणि मेथडिस्ट परंपरा त्याच वाटेने गेली.

म्हणजे 'केवळ विश्वासाने' हे तत्त्व ल्यूथर, कॅल्व्हिन आणि वेस्ली तिघांना मान्य, पण ढळण्याविषयी कॅल्व्हिन एका बाजूला आणि ल्यूथर व वेस्ली दुसऱ्या. एकाच आधारविधानातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत असतील, तर निष्कर्ष त्या विधानातून निघतच नाही. मग तो निघतो कुठून?

तो निघतो निवडीच्या सिद्धांतातून. देवाने अनंतकाळासाठी निवडलेले लोक अखेर हरवत नाहीत, हे ऑगस्टीनने शिकवले आणि अक्विनासनेही. त्यात कॅथलिक परंपरेला परके काहीच नाही. ऑगस्टीनने याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मानली: काही जण खरोखर नवा जन्म पावतात, खरोखर नीतिमान होतात, तरी त्यांना अखेरपर्यंत टिकण्याचे दान मिळालेले नसते. नीतिमान ठरलेल्यांचा घेर मोठा, निवडलेल्यांचा त्याच्या आतला. कॅल्व्हिनने हे दोन घेर एकच केले: जो खरोखर नीतिमान ठरला तो निवडलेलाच असतो, आणि जो पुढे कायमचा गळून गेला तो मुळात कधी खऱ्या अर्थाने आत नव्हता. सगळा वाद या एका पावलाचा आहे.

हा प्रश्न चर्च फोडण्याइतका निर्णायक आहे का? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळालेले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट एकत्र आले. डोर्टच्या परंपरेचे वारस आणि वेस्लीचे वारस आज तिथे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. ढळण्याविषयीचा मतभेद त्यांना एक होण्यापासून रोखू शकला नाही.

४. 'पण शास्त्रवचन स्पष्ट आहे'

हा पहिला आक्षेप, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. एक जण योहानाच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय उघडतो: मेंढरांना कोणी मेंढपाळाच्या हातातून हिसकावू शकणार नाही. दुसरा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातला सहावा अध्याय काढतो: ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर काय, हा इशारा. पौल रोमकरांस सांगतो की देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकणार नाही. तोच पौल करिंथकरांस लिहितो की इतरांना उपदेश करून आपण स्वतः नापसंत ठरू नये म्हणून तो आपल्या देहाला ताब्यात ठेवतो.

डोर्टचे अनुयायी इशाऱ्याची वचने नाकारत नाहीत. असे इशारे हेच देवाने आपल्या लोकांना टिकवण्याचे साधन आहे, असे ते म्हणतात. कॅथलिक आणि लुथरन अभयवचने नाकारत नाहीत. बाहेरचा कोणी हिसकावू शकत नाही, माणूस स्वतः मात्र पाठ फिरवू शकतो, असे ते म्हणतात. मला विचाराल तर इब्रीपत्राच्या सहाव्या अध्यायाचे डोर्टपंथी स्पष्टीकरण ओढून-ताणून केलेले वाटते, कारण तिथले वर्णन खोट्या श्रद्धाळूचे वाटत नाही. पण रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली अखंड साखळी, पाचारण, नीतिमान ठरवणे, गौरव, कॅल्व्हिनच्या बाजूने तितक्याच जोराने बोलते. एका वचनाने निकाल लागला असता तर ऑगस्टीनला आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत टिकण्याच्या दानावर ग्रंथ लिहावा लागला नसता.

५. खात्री: जुन्या भीतीचे नवे घर

'एकदा तारण, कायमचे तारण' या घोषणेचे आकर्षण तर्कातून आलेले नाही, भीतीतून आलेले आहे, आणि त्या भीतीला मी कमी लेखत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला 'मी तरलो का?' हे विचारावेसे वाटते, आणि त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे. इतिहासही याची साक्ष देतो. ऑक्टोबर १५१८ मध्ये ऑग्सबर्गला कार्डिनल कायेतानने ल्यूथरची चौकशी केली, तेव्हा वादाचे दोन मुद्दे होते. एक क्षमापत्रांमागच्या पुण्यनिधीचा. दुसरा असा: पापनिवेदनानंतर याजक क्षमेचे शब्द उच्चारतो तेव्हा, मला क्षमा मिळाली अशी निश्चित खात्री माणसाने धरली पाहिजे का? ल्यूथर म्हणाला, धरलीच पाहिजे, नाहीतर तू ख्रिस्ताच्या शब्दाला खोटे ठरवतोस. कायेतानला ही सर्वस्वी नवी शिकवण वाटली. धर्मसुधारणेच्या उंबरठ्यावरच हा खात्रीचा प्रश्न उभा आहे.

ट्रेंटने नवव्या प्रकरणात म्हटले की आपल्याला कृपा मिळाली आहे हे कोणीही विश्वासाच्या अचूक खात्रीने जाणू शकत नाही, आणि सोळाव्या कलमात म्हटले की देवाकडून खास प्रकटीकरण झाल्यावाचून आपण अखेरपर्यंत टिकूच असे कोणी निश्चितपणे सांगू शकत नाही. देवाच्या दयेविषयी शंका नको, पण स्वतःच्या दुर्बलतेविषयी सावधपणा हवा. या शिकवणीत प्रामाणिकपणा आहे, आणि हळव्या मनाला छळण्याची ताकदही आहे: मी आज कृपेत आहे का? कालचे पाप प्राणघातक होते की नव्हते?

मग कॅल्व्हिनच्या सिद्धांताने छळ संपतो का? नाही. तो फक्त घर बदलतो. काही लोकांना खऱ्या विश्वासासारखाच भासणारा, पण तात्पुरता विश्वास होतो, हे खुद्द कॅल्व्हिनने आपल्या ग्रंथात मान्य केले आहे. मग प्रश्न येतो: माझा विश्वास खरा की तात्पुरता? १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने प्रामाणिकपणे कबूल केले की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी दीर्घकाळ झगडावे लागू शकते. कॅथलिक विचारतो, 'माझे तारण अजून आहे का?' कॅल्व्हिनवादी विचारतो, 'ते मला कधी मिळाले होते का?' रात्री दोघांची झोप सारखीच उडते. उलट दुसरा प्रश्न मला अधिक भेदक वाटतो, कारण पहिल्यात निदान भूतकाळातली कृपा खरी धरलेली असते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले. कर्मे त्यांच्यापाशी पुष्कळ होती, संस्कार झाला होता, अभ्यास दांडगा होता. यांपैकी कशावरही टेकता येईना. त्यांना हवा होता तो सेरिपांदोच्या प्रश्नाचा विसावा. रमाबाईंना तो मिळाला, आणि मुक्तिसदनाचे प्रचंड काम त्यातून वाढले. मात्र अशा अनुभवाचा सर्वांसाठी नियम केला की तो अनुभवच कसोटी होऊन बसतो, आणि माणूस ख्रिस्ताकडे पाहण्याऐवजी आपल्या पालटाच्या तारखेकडे पाहू लागतो.

६. आणखी दोन आक्षेप

कोणी म्हणेल, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. मग वाद उरला कुठे? घोषणापत्र मोलाचे आहे. सोळाव्या शतकातले परस्परनिषेध त्यात मांडलेल्या शिकवणीला लागू पडत नाहीत, हे त्याने मान्य केले. पण 'एकाच वेळी नीतिमान आणि पापी', पुण्याईची भाषा आणि खात्री या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंची वेगळी स्पष्टीकरणे त्यात शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत. सहीपूर्वी शंभरहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला, तो आडमुठेपणा नव्हता. रेगेन्सबर्गच्या कलमात ल्यूथरला टोचले तेच त्यांना टोचत होते.

दुसरा आक्षेप कॅथलिकांचा आणि मेथडिस्टांचा: तारण जाऊच शकत नसेल तर माणूस बेफिकीर होईल. आजच्या काही प्रचारकांच्या तोंडची शिकवण, की एकदा प्रार्थना म्हटली, मग विश्वास सोडला तरी हरकत नाही, या आक्षेपाला खरोखर पात्र आहे. डोर्टची शिकवण मात्र नाही. डोर्टच्या मते देव आपल्या माणसांना पवित्रतेत टिकवून ठेवतो, पवित्रतेशिवाय टिकवत नाही. हे दोन एकच समजणे हा त्या सभेवरचा अन्याय आहे, आणि तो अन्याय आज तिचे नाव सांगणारेच अधिक करतात.

७. प्रार्थनेत दिलेली उत्तरे

सेरिपांदोच्या प्रश्नाला ट्रेंटच्या ठरावाने सरळ उत्तर दिले नाही. कॅथलिक भक्तीने मात्र ते वारंवार दिले आहे. रोमन मिस्सेच्या प्राचीन कृतज्ञतेच्या प्रार्थनेत याजक देवाला विनवतो की आमची पुण्याई तोलू नकोस, क्षमा कर. पुण्याईच्या सिद्धांताचा खंबीर पुरस्कर्ता कार्डिनल बेलार्मिन याने तो सिद्धांत मांडून झाल्यावर म्हटले की माणसाने सगळा भरवसा फक्त देवाच्या दयेवर ठेवणे हेच सर्वांत सुरक्षित. लिझ्यूच्या संत तेरेझाने १८९५ साली आत्मार्पणाच्या प्रार्थनेत लिहिले की आपण देवापुढे रिकाम्या हातांनी येऊ, आपली कर्मे मोजायला सांगणार नाही. आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने ही प्रार्थना नेमकी पुण्याईच्या प्रकरणातच उद्धृत केली आहे.

प्रोटेस्टंट बाजूलाही असेच घडते. कॅल्व्हिनच्या परंपरेत कर्मांना आधाराच्या जागेवरून कायमचे हटवले, पण विश्वास खरा की तात्पुरता हे ओळखण्याची वेळ आली तेव्हा कर्मे खूण म्हणून पुन्हा दारात येऊन उभी राहिली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. याकोबाने आपल्या पत्रात याहून वेगळे काय मागितले होते?

म्हणून चर्चपासून वीस वर्षे दूर राहून परत आलेल्या माणसाला कोणती परंपरा काय सांगते, हे मला सिद्धांताच्या सारांशापेक्षा अधिक बोलके वाटते. कॅथलिक धर्मगुरू त्याला पापनिवेदनाला बोलावतो: कृपा गेली होती, ती इथे पुन्हा मिळेल. लुथरन पाळक त्याला त्याच्या बाप्तिस्म्याकडे परतायला सांगतो: विश्वास गेला होता, देवाचे वचन गेलेले नाही. प्रेस्बिटेरियन पाळक म्हणतो, तू परत आलास हीच त्याने तुला सोडले नव्हते याची खूण. मागे काय घडले याविषयी तिघांचे निदान वेगळे आहे, आणि ते वेगळेपण खरे आहे. पण आता त्याने काय करावे, यावर तिघांपैकी कोणीही त्याला आधी आपल्या कर्मांचा हिशेब पुरा करून मग ये, असे सांगत नाही.